कावळा आधी माणसं बघतो, भात नंतर

भाद्रपदाचा वद्य पक्ष लागला की वर्तमानपत्रांत एक बातमी ठरलेली असते: 'पितृपक्षात कावळे गायब'. सोबत फोटो. गच्चीच्या कठड्यावर केळीच्या पानात वरण-भात, वडे, खीर. आणि वर तोंड करून 'काऽ काऽ' करणारे गृहस्थ. कावळा बहुतेक वेळा समोरच्या इमारतीच्या टाकीवर बसून हे सगळं बघत असतो. बातमीत त्याचा फोटो येत नाही, एवढंच.

दशक्रियेला हाच प्रकार जास्त ताणाचा होतो. नाशिकचं रामकुंड असो, पुण्याचं ओंकारेश्वर असो की मुंबईतली बाणगंगा. पिंड मांडलेले, माणसं घोळका करून उभी, आणि कावळा दहा फुटांवर उतरतो, मान तिरकी करतो नि उडून जातो. मग कुजबुज सुरू होते, काय इच्छा राहिली असेल? 'धाकटीचं लग्न नीट करू', 'आईला अंतर देणार नाही' अशी आश्वासनं दिली जातात. तरीही शिवला नाही तर गुरुजी दर्भाचा कावळा करून पिंडाला लावतात आणि मंडळी घरी जातात.

श्रद्धेच्या बाजूने याचा अर्थ काय, ते ज्याचं त्याने ठरवावं. कावळ्याच्या बाजूने मात्र या न शिवण्याचा बराचसा उलगडा होतो. कावळा हुशार आहे हे आपण लहानपणापासून ऐकतो, पण ती हुशारी कोडी सोडवण्याची असते असं समजतो. गेल्या तीसेक वर्षांतले प्रयोग पाहिले तर तिचा मोठा हिस्सा दुसऱ्यावर नजर ठेवण्यात खर्च होतो असं दिसतं: कोण आलंय, कुठे बघतंय, मागच्या वेळी याने काय केलं होतं.

## आधी, कावळा कोणता?

आपल्याकडे रोज दिसणारे दोन. राखाडी मानेचा, सडपातळ तो गावकावळा. पूर्ण काळा, जाड चोचीचा, घोगऱ्या आवाजाचा तो डोमकावळा. जगात कावळ्यांच्या चाळीसहून अधिक जाती आहेत आणि त्यांच्या काककुळात इतरही मंडळी येतात: युरोप-अमेरिकेतले मॅगपाय आणि 'जे' नावाचे पक्षी, आपल्याकडचा लांब शेपटीचा टकाचोर.

इथेच एक गोष्ट सांगून टाकतो. पुढे येणारे बहुतेक प्रयोग आपल्या गावकावळ्यावर झालेले नाहीत. ते अमेरिकन कावळा, युरोपातले रूक आणि जॅकडॉ, पॅसिफिकमधल्या न्यू कॅलेडोनिया बेटावरचा कावळा अशा त्याच्या भाऊबंदांवर झालेत. त्यांच्यावरून गावकावळ्याबद्दल काढलेला निष्कर्ष हा अंदाजच असतो. पण जवळच्या नात्यातला अंदाज असतो.

## मग पिंडाला शिवत का नाही?

पहिलं कारण नवी वस्तू. ओळखीची नसलेली वस्तू दिसली की बिचकायचं, या स्वभावाला अभ्यासक 'नवभय' म्हणतात. काककुळात ते चांगलंच मुरलेलं आहे. २०२२ मध्ये या कुळातल्या दहा जातींची तुलना प्रसिद्ध झाली. नेहमीच्या खाण्याशेजारी एखादी अनोळखी वस्तू ठेवली की पक्षी खाण्याकडे यायला वेळ लावत. शहरात राहणाऱ्या आणि मोठ्या थव्यांत वावरणाऱ्या जाती त्यातल्या त्यात धीट निघाल्या. जो प्राणी काहीही खातो, त्याला 'हे खाऊन मेलो तर?' हा प्रश्न सतत पडायलाच हवा. गच्चीवर वर्षातून एकदा अचानक उगवणारं केळीचं पान कावळ्याला संशयास्पद वाटलं, तर त्याचं काय चुकलं?

पण घाटावरच्या कावळ्यांना पिंड रोजचेच असतात, मग ते का बिचकतात? इथे दुसरं कारण येतं, ते म्हणजे नजर. पिंड रोजचे असले तरी माणसं रोज नवी असतात, आणि ती सगळीच्या सगळी एकटक पिंडाकडे आणि कावळ्याकडे बघत असतात.

जॅकडॉ हा युरोपातला छोटा कावळा. त्याचे डोळे माणसासारखे, पांढुरक्या वलयात काळी बाहुली असलेले. माणसांनी वाढवलेल्या जॅकडॉंवरचा एक प्रयोग २००९ मध्ये प्रसिद्ध झाला. समोर घास ठेवला होता आणि पलीकडे माणूस बसलेला. अनोळखी माणूस घासाकडे बघत असेल तर पक्षी घास उचलायला जास्त वेळ लावत. सिअ‍ॅटलच्या अमेरिकन कावळ्यांवरही असंच काहीसं पाहिलं गेलं. त्यांच्याकडे थेट बघत चालून येणाऱ्या माणसापासून ते लवकर उडाले, नजर दुसरीकडे असली तर त्याला जास्त जवळ येऊ दिलं. त्या माणसाच्या चेहऱ्यावर हसू आहे की राग, याच्याशी त्यांना देणंघेणं नव्हतं.

आता घाटावरचं दृश्य पुन्हा बघा. आश्वासन देताना माणसं काय करतात? हात जोडतात, मान खाली घालतात, दोन पावलं मागे सरतात. आणि कावळा येतो! हा माझा तर्क आहे, घाटावर कोणी मोजमाप केलेलं नाही. पण वर सांगितलेल्या प्रयोगांशी तो जुळतो.

तिसरं कारण अगदी साधं आहे, पोट भरलेलं असतं. सर्वपित्री अमावास्येला एका गल्लीत कितीतरी पानं एकाच वेळी ठेवली जातात. कावळ्यांनी तरी किती खावं?

## 'पितृपक्ष हा कावळ्यांच्या विणीचा काळ' हे खरं का?

दर वर्षी फिरणारा तो निरोप तुम्हालाही आला असेल. वड-पिंपळाचं बी फक्त कावळ्याच्या पोटातून गेल्यावरच रुजतं, भाद्रपदात कावळ्यांना पिल्लं होतात, म्हणून पूर्वजांनी त्यांना खाऊ घालायची सोय केली, असा त्याचा आशय. ऐकायला छान आहे, पण दोन्ही गोष्टी चुकीच्या.

वड-पिंपळाची फळं मैना, बुलबुल, तांबट, हरियाल, कोकीळ आणि वटवाघळंही खातात आणि बी पसरवतात. कावळा त्यांतला एक. विणीचं म्हणाल, तर महाराष्ट्रात गावकावळा पावसाआधी घरटी करतो. यासाठी शास्त्रज्ञ गाठायचीही गरज नाही. कावळ्याने वैशाखात घरटं कुठल्या झाडावर, किती उंचीवर बांधलं यावरून पावसाचा अंदाज सांगणारे शेतकरी गावोगाव आहेत. अंदाज खरा ठरतो की नाही ते सोडा, महिना तर बरोबर आहे. भाद्रपदापर्यंत पिल्लं उडून गेलेली असतात. प्रथेला विज्ञानाचा मुलामा द्यायच्या भरात आपल्याच लोकांचं निरीक्षण आपण पुसून टाकतो, याचं मला जास्त वाईट वाटतं.

## कावळा माणसाचा चेहरा लक्षात ठेवतो, हे सिद्ध कसं झालं?

वॉशिंग्टन विद्यापीठातले जॉन मार्झलफ कावळे पकडून, पायात कडी घालून सोडत. एकदा पकडलेले कावळे आपल्याला ओळखतात असा त्यांना संशय होता. २००६ मध्ये त्यांनी तो तपासला. गुहेत राहणाऱ्या आदिमानवाचा रबरी मुखवटा घालून सिअ‍ॅटलमधल्या विद्यापीठाच्या आवारात सात कावळे पकडले, कडी घातली, सोडून दिले. तुलनेसाठी दुसरा मुखवटा घेतला तो तेव्हाचे अमेरिकेचे उपाध्यक्ष डिक चेनी यांचा. तो घालून कोणी कावळ्यांना त्रास दिला नाही.

नंतर वेगवेगळी माणसं हे मुखवटे घालून आवारात नुसती फिरली. चेनींकडे कावळ्यांनी फारसं लक्ष दिलं नाही. आदिमानव दिसला की मात्र कर्कश ओरडा, डोक्यावर झेपा. मुखवट्याआड बाई असो की पुरुष, चाल कशीही असो, फरक पडत नव्हता. ओळख चेहऱ्याची होती.

खरी गंमत पुढे झाली. पकडले होते सात. पण मार्झलफ एकदा तो मुखवटा घालून फेरी मारत असताना भेटलेल्या ५३ कावळ्यांपैकी ४७ जण त्यांच्यावर ओरडले. पकडताना जे तिथे हजरही नव्हते, त्यांनाही हा माणूस वाईट आहे हे कळलं होतं. काहींनी इतरांचा गोंधळ बघून धडा घेतला होता, पिल्लांनी आईबापांकडून. अमेरिकन कावळ्यांची पिल्लं उडायला लागल्यावरही बराच काळ आईबापांसोबत राहतात आणि पुढच्या भावंडांना वाढवायला मदत करतात, त्यामुळे शिकायला वेळ भरपूर.

मे महिन्यात सोसायटीच्या आवारात एखाद्याच माणसाच्या डोक्यावर कावळा रोज टोच मारतो, बाकीच्यांना काही करत नाही, हे आपल्याकडे पुष्कळांनी पाहिलेलं असतं. त्याला अपशकुन म्हणतात. मला वाटतं आधी विचारावं, घरट्याची फांदी कोणी तोडली होती?

## तारेवर कावळा मेला की शंभर का जमतात?

विजेच्या धक्क्याने कावळा पडला की पाच मिनिटांत आकाश काळं होतं. 'कावळ्यांची शोकसभा' असं आपण म्हणतो. सिअ‍ॅटलमध्येच संशोधक केली स्विफ्ट यांनी हा प्रकार प्रयोगात आणला. कावळ्यांना एका जागी रोज खाणं घालायचं, मग एके दिवशी मुखवटा घातलेला माणूस हातात मेलेला कावळा घेऊन तिथे उभा करायचा. कावळे जमले, ओरडले, आणि नंतरचे काही दिवस त्या जागेवरचं खाणं घ्यायला कचरू लागले. तोच मुखवटा काही आठवड्यांनी रिकाम्या हातांनी आला तरी त्याच्यावर ओरडा झाला. हातात मेलेलं कबूतर असेल तर प्रतिसाद बराच सौम्य.

दुःख होतं का, याचं उत्तर या प्रयोगातून मिळत नाही. एवढं मात्र दिसतं की जमाव माहिती गोळा करत असतो: कोण मेलं, कुठे, जवळ कोण होतं. शोकसभेपेक्षा पंचनामा म्हटलेलं बरं.

## एवढ्याशा डोक्यात हे मावतं कसं?

बरीच वर्षं शास्त्रज्ञांनाही हे पटत नव्हतं. सस्तन प्राण्यांच्या मेंदूवर विचाराचं काम करणारा सुरकुत्यांचा थर असतो. पक्ष्यांना तसा थर नाही, म्हणून त्यांचं सगळं वागणं उपजत, असा हिशोब होता.

२०१६ मध्ये पक्ष्यांच्या मेंदूतल्या चेतापेशी, म्हणजे निरोपांची देवाणघेवाण करणाऱ्या पेशी, मोजल्या गेल्या. रॅव्हन हा कावळ्यांतला दांडगा भाऊ. त्याचा मेंदू साधारण १४ ग्रॅमचा. त्यातल्या विचाराच्या भागात सुमारे १२० कोटी चेतापेशी निघाल्या. कॅपुचिन माकडाच्या मेंदूत त्या भागातल्या पेशी जवळपास तेवढ्याच असतात, पण त्याचा मेंदू तिपटीहून मोठा. गिरगावातल्या चाळीत दहा बाय दहाच्या खोलीत आठ माणसं नांदायची आणि तेवढ्याच माणसांना बंगला लागायचा, तसा हा मामला आहे. दाटीचा फायदाही होत असावा: पेशी जवळजवळ असल्याने निरोपाला अंतर कमी पडतं.

ही दाटी वापरात कशी येते याचं एक ताजं उदाहरण जर्मनीतल्या ट्युबिंगन विद्यापीठातलं आहे. २०२४ मध्ये तिथल्या संशोधकांनी दाखवलं की शिकवलेले कावळे खुणेप्रमाणे नेमकं एकदा, दोनदा, तीनदा किंवा चारदा ओरडू शकतात. पहिल्या ओरडण्याच्या आवाजावरूनच पुढे किती येणार याचा अंदाज बांधता येत होता, म्हणजे आकडा तोंड उघडण्याआधीच ठरलेला असे.

## हा सगळा योगायोग नाही कशावरून?

शंका रास्त आहे. कावळा बसायला आणि फांदी मोडायला एकच गाठ पडली, तर फांदी कावळ्याने मोडली असं म्हणणारे आपणच. कावळ्याच्या कौतुकातही अशा फांद्या बऱ्याच आहेत.

जपानमधली गोष्ट घ्या. सेंदाई शहरातले कावळे अक्रोड रस्त्यावर टाकतात आणि मोटारींकडून फोडून घेतात, अशी निरीक्षणं आहेत. पण अमेरिकेत कॅलिफोर्नियात १९९७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात हे मोजून पाहिलं, तर गाडी येत असताना आणि रस्ता मोकळा असताना तिथल्या कावळ्यांच्या वागण्यात फरक दिसला नाही. ते कठीण जागा बघून अक्रोड टाकत होते, मोटार मध्ये आली तर आली.

दुसरं उदाहरण बेटीचं. न्यू कॅलेडोनियातले कावळे जंगलात काटक्यांचे आकडे करून लाकडातल्या अळ्या काढतात. त्यांतली बेटी नावाची मादी ऑक्सफर्डमध्ये होती. २००२ मध्ये तिने सरळ तार वाकवून आकडा केला आणि नळीतून खाऊची बादली बाहेर ओढली. जगभर गाजावाजा झाला, तार वाकवायला तिला कोणी शिकवलं नव्हतं म्हणून. २०१६ मध्ये लक्षात आलं की तिच्या जातीचे जंगली कावळे काटक्याही तशाच वाकवतात. म्हणजे कसब तिचंच, पण ते त्या क्षणी सुचलं असं ठामपणे म्हणता येत नाही.

आणि मडक्यात खडे टाकणारा तहानलेला कावळा? २००९ मध्ये इंग्लंडमधल्या रूक पक्ष्यांनी ते खरंच करून दाखवलं: नळीतल्या पाण्यावर तरंगणारी अळी वर आणायला दगड टाकले. २०१४ मध्ये न्यू कॅलेडोनियाच्या कावळ्यांची पुढची परीक्षा झाली. वाळूची नळी सोडून पाण्याची निवडणं, तरंगणाऱ्या वस्तू सोडून बुडणाऱ्या टाकणं, हे त्यांना जमलं. पण दोन नळ्या खालून छुप्या जोडल्या होत्या, तिथे ते गोंधळले. गोष्टीतल्या कावळ्यापेक्षा खरा थोडा कमी, पण पास!

मुखवट्यांचे प्रयोग मला जास्त भरवशाचे वाटतात ते यामुळेच. तिथे पक्षी मोकळे असतात, संख्येने बरेच असतात आणि तुलनेला दुसरा मुखवटा असतो.

कुरघोडीची बुद्धी तपासणारा एक प्रयोगही तसाच काटेकोर आहे. काककुळातले 'स्क्रब जे' नावाचे पक्षी खाणं लपवून ठेवतात. लपवताना दुसऱ्याने पाहिलं असेल तर एकांत मिळताच ते काढून नव्या जागी ठेवतात. केंब्रिजमध्ये निकोला क्लेटन आणि नेथन एमरी यांना २००१ मध्ये आढळलं की ज्यांनी पूर्वी स्वतः दुसऱ्याचं चोरलं होतं तेच ही खबरदारी घेतात. ज्यांनी चोरी केलेली नाही त्यांना ते सुचत नाही. चोराच्या मनात चांदणं!

## मग कोकिळा त्याला फसवते कशी?

सगळ्यात पेचाचा प्रश्न हा. ज्याचे भाऊबंद चेहरे वर्षानुवर्षं लक्षात ठेवतात, तो गावकावळा स्वतःच्या घरट्यातलं कोकिळेचं अंडं उबवतो, पिल्लाला भरवतो.

कोकीळ पक्षी तो चांगला ओळखतो, दिसला की पाठलाग करतो. जोडीतला काळा नर कावळ्यांना अंगावर ओढून घेतो आणि ठिपक्यांची मादी तेवढ्यात घरट्यात शिरते, असं निरीक्षकांनी नोंदवलंय. अंड्याचं मात्र वेगळं आहे. कोकिळेचं अंडं कावळ्याच्या अंड्यापेक्षा लहान असलं तरी रंगाने बरंच सारखं. ओळखण्यात चूक झाली तर स्वतःचंच अंडं फेकलं जाणार. शिवाय कोकिळेचं पिल्लू कावळ्याची पिल्लं हटकून ढकलून देत नाही, त्यामुळे फसल्यावरही कावळ्याची काही पिल्लं वाचतात. सगळं गमावायची वेळ येत नसेल, तर अंड्यांची पारख करण्याची क्षमता विकसित व्हायचा दबावही तेवढा कमी.

बुद्धी म्हणजे एकच मोठा दिवा असतो आणि तो सगळीकडे सारखा प्रकाश टाकतो, हा समज इथे सोडावा लागतो. कावळ्याची हुशारी कप्प्याकप्प्यांची आहे. आपली तरी कुठे एकसंध आहे?

## ही हुशारी आपल्याला महागात पडते का?

आपल्याला फारशी नाही. कचरा उचलणारा फुकटचा माणूस म्हणून आपण त्याला खपवून घेतो. समुद्रापलीकडे चित्र वेगळं आहे. गावकावळा जहाजांवर बसून दूरवर पोचतो. नेदरलँड्समधल्या हुक ऑफ हॉलंड बंदरात तो १९९४ मध्ये असाच उतरला आणि तिथे घरटी करू लागला. पूर्व आफ्रिकेत त्याला माणसांनीच नेलं, १८९० च्या दशकात झांझिबारमध्ये कचरा खायला. तिथून तो मुख्य भूमीवर पोचला. स्थानिक पक्ष्यांची अंडी-पिल्लं खातो, हॉटेलांत पाहुण्यांच्या ताटांवर झडप घालतो. २०२४ मध्ये केनिया सरकारने वर्षअखेरपर्यंत दहा लाख गावकावळे मारायची योजना जाहीर केली.

पण मारायचे कसे? पिंजऱ्यात एक अडकला की बाकीचे शहाणे होतात. विष खाऊन एक जागेवरच मेला तर पंचनाम्याला जमलेले सगळे ते खाणं टाळणार. म्हणून तिथे वापरलं जाणारं विष मुद्दाम सावकाश काम करणारं निवडलंय. खाल्ल्यावर तासन्‌तास पक्ष्याला काही होत नाही; तो उडून जातो आणि खाण्याच्या जागेपासून लांब मरतो, म्हणजे इतरांना दोन गोष्टींचा संबंध लागत नाही. वीसेक वर्षांपूर्वीही तिथे असं विष वापरून संख्या उतरवली होती. वापर थांबला तसे कावळे परत वाढले.